मिशनच्या जमिनीचं काय होणार? : खान्देशातल्या एका आंतरराष्ट्रीय मिशन परिषदेची आखणी

"मंग मिशननी जमीननं काय व्हई?"

धुळ्यात तयारीची पहिली बैठक होती. मी नुकताच मसुदा वाचून दाखवला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मंडळीचं मिशन : आंतरराष्ट्रीय परिषद'. मंडळी म्हणजे आमचं चर्च. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर पंचांनी टोपी मांडीवर ठेवली आणि हा प्रश्न विचारला. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. खान्देशात मिशन म्हणजे जागा. मिशनचा बंगला, मिशनची विहीर, मिशनचा दवाखाना. स्वीडन आणि अमेरिकेहून आलेल्या 'अलायन्स' नावाच्या मिशनरी संस्थांचे साहेब-मॅडम परत गेले, जागा ट्रस्टांकडे आल्या, आणि मग कित्येक ठिकाणी सातबारा, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि कोर्टाच्या तारखा हाच मंडळीच्या बैठकीचा कायमचा विषय होऊन बसला. बाहेरदेशाची माणसं येऊन 'मिशन'वर चार दिवस बोलणार म्हटल्यावर जागेचा काहीतरी निकाल लागणार, असं पंचांना वाटलं तर त्यात नवल काय?

मी त्या समितीची चिटणीस होते. परिषद पार पडली, हिशेब मंजूर झाला, फोटोही सगळ्यांच्या फोनवर गेले. तरी आखणीत आम्ही कुठे अडलो, कुठे वाकलो आणि कुठे चुकलो हे कुठेच लिहिलेलं नाही. अहवालात ते येत नाही. म्हणून हे.

आधी परिस्थिती थोडक्यात. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या एका गावात चार दिवसांची परिषद घ्यायची. विषय, मंडळीचं जगातलं काम. पाहुणे आफ्रिका, आशिया आणि युरोपातून. स्थानिक प्रतिनिधी धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचे, त्यात मावची, भिल्ल, पावरा, कोकणी हे आदिवासी आणि अहिराणी बोलणारे, सगळे. सुरुवातीच्या यादीत परदेशी नावं 64 होती. प्रत्यक्षात 23 आली. हा आकडा ऐकून लोक हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. का, ते तारखेच्या गोष्टीत आहे.

तारीख

पहिली तारीख होती जानेवारीचा दुसरा आठवडा. सगळ्यांच्या सोयीची. थंडी असते, ख्रिसमसच्या धावपळीतून पाळक, म्हणजे पास्टर, मोकळे झालेले असतात, परदेशातल्या प्राध्यापक मंडळींनाही जमतं. आम्ही पत्रं पाठवली, होकार यायला लागले. मग विसरवाडीकडच्या एका महिला मंडळाच्या सभेत मी ही तारीख मोठ्या आनंदाने सांगितली. एक बाई म्हणाली, "ताई, जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि कुलपं असतात."

मी धुळ्याची. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि पुस्तकातून माहीतही होतं. पण परिषदेची तारीख ठरवताना ते मनात आलं नाही. दिवाळी झाली की या पट्ट्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. बारडोली, मढी, त्या बाजूचे साखर कारखाने. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. लेकरं बरोबर, शाळा मागे. मध्ये होळीला काही जण येऊन जातात, कारण सातपुड्याच्या माणसाची होळी चुकत नाही. गाळप संपलं की मग घर. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल ज्या मंडळीचं मिशन काय यावर चर्चा व्हायची, ती मंडळीच मंडळीत नसते. रविवारी बाकांवर आजी-आजोबा आणि नोकरदार.

मग एक कागद घेऊन बसलो. मे महिना? पारा 44 च्या वर, शिवाय लग्नसराई. जून-जुलै पेरणी. ऑगस्टमध्ये भाताची लावणी आणि पाऊस असा की नवापूरच्या रस्त्याला नको म्हणावं. उरला दसरा ते दिवाळी, जेमतेम वीस दिवस. तेव्हा भातकापणी असते, पण माणूस गावात असतो. आणि ऊसतोडीच्या काही टोळ्या दसऱ्यालाच निघतात, म्हणून वीसमधलेही पहिले दिवसच कामाचे.

समितीत यावर तीन बैठका झाल्या आणि त्या गोड नव्हत्या. एका बाजूचं म्हणणं असं की आंतरराष्ट्रीय परिषद म्हटलं की बाहेरच्यांची सोय बघावी लागते, ऑक्टोबरात विद्यापीठांची सत्रं चालू असतात, मोठे वक्ते येणार नाहीत. हे खरं होतं. दोन नावं, ज्यांच्यासाठी पोस्टर छापायचं होतं, त्यांनी नकार कळवला. सोबत काम करणाऱ्या बाहेरच्या एका संस्थेने तर लांबलचक नाराजीपत्र पाठवलं. तेव्हा कोणीतरी मधला मार्ग सुचवला : परिषद जानेवारीतच घ्यायची आणि एक दिवस पाहुण्यांना बसने उसाच्या फडावर न्यायचं, म्हणजे मजुरांचीही भेट होईल. दिसायला सुचवणूक सुंदर. त्या बैठकीत एक माजी मुकादम होते, आता मंडळीचे खजिनदार. ते एवढंच म्हणाले, "फडावर माणूस पहाटे चारला उठतो. त्याच्याकडे कोण बघायला येणार आणि तो काय दाखवणार?" सुचवणूक तिथेच बारगळली.

याबाबतीत मला मिशन परिषदांच्या इतिहासाने धीर दिला. 1938 ची जागतिक मिशन परिषद मुळात चीनमध्ये हांगचौला व्हायची होती. चीन-जपान युद्धामुळे ती मद्रासजवळ तांबरमला, ख्रिश्चन कॉलेजच्या नव्या आवारात आली. आशिया-आफ्रिकेतल्या नव्या मंडळ्यांची माणसं अशा परिषदेत त्याआधी कधी एवढ्या संख्येने बसली नव्हती. त्याच्या 28 वर्षं आधी, जून 1910 मध्ये, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला अशाच परिषदेसाठी जमलेल्या सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियातले लोक वीससुद्धा नव्हते. त्यांच्यापैकी एक आपले व्ही. एस. अझरय्या. परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातल्या अंतरावर ते तिथे उभे राहून बोलले, आणि शेवटी मागितलं ते इतकंच : तुम्ही पुष्कळ त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या. पुष्कळांना ते बोलणं झोंबलं. दोनच वर्षांनी ते दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप.

सांगायचं काय, तर परिषदेला कोण येऊ शकतं हे ठरलं की ती काय बोलणार हे अर्धंअधिक ठरतं. तांबरमला जागा युद्धाने बदलली, आमच्याकडे तारीख कोयत्याने बदलली. दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस धरला.

परवानग्या

इथे आमची चूक झाली, ती आधी सांगते. मुंबईच्या एका प्रवास कंपनीने पाहुण्यांना परस्पर कळवलं की पर्यटक व्हिसावर या, कोण विचारतंय. आम्हाला हे कळेपर्यंत चार जणांनी अर्जही केले होते. ते थांबवताना जीव मेटाकुटीला आला. परिषदेसाठी परिषदेचाच व्हिसा लागतो. त्यासाठी आयोजकाचं निमंत्रणपत्र, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी, गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला मंजुरी. त्यासाठी सहभागी देशांची आणि माणसांची यादी आधी पक्की हवी. तारीख बदलल्यामुळे आमची यादी उशिरा पक्की झाली, आणि सगळं शेवटच्या महिन्यात आलं. पुन्हा करायचं झालं तर व्हिसाचं काम मी भाषणांच्या आधी सुरू करेन, निदान सात-आठ महिने आधी.

दुसरा नियम सगळ्यांना बारकाईने समजावून सांगावा लागला. परदेशी पाहुणा आपल्या उपासनेला बसू शकतो, प्रवचन ऐकू शकतो. पण त्याने उपासनास्थळी उपदेश करायचा नाही, धर्मविषयक पत्रकं वाटायची नाहीत. आपल्याकडे परदेशी पाहुणा आला की त्याच्या गळ्यात हार आणि हातात माइक, ही जुनी सवय. इथे ती मोडावी लागली. रविवारी व्यासपीठावर एकही परदेशी नव्हता. संदेश एका मावची पाळकाने दिला आणि 23 पाहुणे खाली सतरंजीवर बसून ऐकत होते. काही स्थानिक मंडळींना हा पाहुण्यांचा अपमान वाटला. मला विचाराल तर चार दिवसांतला सगळ्यात चांगला दीड तास तोच होता, आणि तो आम्हाला नियमाने दिला, आमच्या शहाणपणाने नाही.

मुक्कामाचंही तसंच. पाहुण्यांनी नंदुरबारच्या लॉजवर न राहता गावातल्या घरांत राहावं असं ठरलं होतं. परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की घरमालकाने 24 तासांच्या आत त्याच्या नोंदीचा 'सी फॉर्म' ऑनलाइन भरायचा, असा तेव्हा नियम होता, मग ते हॉटेल असो की कौलारू घर. त्यासाठी सरकारी पोर्टलवर आधी घराची नोंद हवी होती. नऊ घरं होती. तरुण संघाच्या तीन पोरांनी महिनाभर आधी घराघरात जाऊन कागदपत्रं स्कॅन केली, पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन सगळा कार्यक्रम समजावून सांगितला. ठाण्यातल्या हवालदारांनी सगळी नावं शांतपणे उतरवून घेतली आणि शेवटी विचारलं, "जेवणात काय आहे?"

पैशाचं लवकर उरकते. एका परदेशी मित्रमंडळाने मंडप, जेवण आणि स्थानिकांचा प्रवास असा सगळाच खर्च उचलायची तयारी दाखवली. परदेशातून देणगी घ्यायला परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, ती आमच्या समितीची नाही. नोंदणी असलेल्या एका ट्रस्टने सांगितलं, आमच्या खात्यात येऊ द्या, आम्ही तुम्हाला देतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर असं पुढे देता येत नाही, अगदी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेलासुद्धा नाही. सनदी लेखापालांनी एका वाक्यात नाही म्हटलं आणि आम्ही ऐकलं. मंडप लहान झाला. तांदूळ, तूर आणि नागली मंडळ्यांनी पिकाच्या पहिल्या दानातून आणली. बाकी वर्गणी.

शब्द आणि सात मिनिटं

आता पुन्हा त्या पंचांच्या प्रश्नाकडे. 'मिशन' शब्द ठेवला तर लोक जमीन ऐकतात. 'सुवार्ताकार्य' म्हटलं तर फक्त प्रचार ऐकू येतो, चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात रात्री दोनला बाळंतपण करणारी नर्स त्यात बसत नाही. 'सेवाकार्य' म्हटलं तर पाळक नाराज. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाठवणं. 1952 साली जर्मनीत विलिंगेनला झालेल्या परिषदेपासून एक विचार जोर धरू लागला की मिशन मंडळीचं नाहीच, ते देवाचं, मंडळी फक्त त्यात पाठवली जाते. हे पंचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तसंच लिही ना सरळ. फलकावर लिहिलं : 'मंडळीला कशासाठी पाठवलंय?' मावचीत आणि पावरीतही त्याचं भाषांतर दोन मिनिटांत झालं. 'मिशन'चं महिनाभरात झालं नव्हतं.

भाषेचा खरा अडसर मात्र वेळेचा. इंग्रजी भाषणाचं मराठी आणि मराठीचं मावची-भिली करायचं तर वीस मिनिटांचं भाषण तासभर चालतं आणि तिसऱ्या भाषेपर्यंत जाताना निम्मं सांडतं. सराव म्हणून एका शनिवारी आम्ही हे करून पाहिलं. पंचेचाळीस मिनिटांनी मागची माणसं बिडी ओढायला गेली. मग भाषणंच काढून टाकली. एडिंबरोच्या दोन गोष्टी उचलल्या. एक, तिथे आठ आयोगांनी जगभरच्या मिशनऱ्यांना आधी प्रश्नावल्या पाठवून उत्तरं मागवली होती आणि अहवाल छापून हातात दिले होते, म्हणजे सभेत वाचन नाही, फक्त चर्चा. दोन, चर्चेत बोलणाऱ्याला सात मिनिटं. अध्यक्ष जॉन मॉट त्याबाबतीत कोणाची गय करत नसत. आम्हीही चार प्रश्न आधी मंडळ्यांना पाठवले, उत्तरं गुरुजींनी मराठीत उतरवून पाहुण्यांसाठी इंग्रजी केली, आणि सात मिनिटांना घंटा. घंटा शाळेची, पितळी. ती वाजवायचं काम दहावीतल्या एका मुलीला दिलं, कारण ती कोणालाही भीत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने समितीच्या अध्यक्षांना बसवलं.

बसण्याची पद्धत 2010 च्या केपटाउनच्या मिशन परिषदेवरून घेतली. तिथे 198 देशांतले चार हजार लोक सहा-सहा जणांच्या मेजांवर बसले होते. आमच्याकडे मेजं नव्हती, सतरंज्या होत्या, आणि सहाऐवजी आठ जण, कारण प्रत्येक गटात एक दुभाषी आणि त्याला विसावा द्यायला दुसरा. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. मधला दिवस कापणीला मोकळा. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून गाणी नऊला. दुपारी पाहुण्यांनी विश्रांती घ्यावी अशी अपेक्षा होती. काही विळा मागून शेतात गेले. त्यांनी कापलेलं पुन्हा कापावं लागलं, पण तो भाग वेगळा.

हे सगळं कागदावर नीट बसलं आणि तरी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. स्वयंपाक. महिला मंडळाने आनंदाने जबाबदारी घेतली होती आणि पहिल्या दिवशी रात्री माझ्या लक्षात आलं की गटांमध्ये बायका नाहीतच. ज्या बाईने तारीख बदलायला लावली तीच चुलीपुढे भाकरी थापत होती. मी नंदुरबारहून आचारी बोलवायचं सुचवलं. बायका भडकल्या. "पाहुणे आमचे आणि रांधणार दुसरे?" शेवटी पाळ्या लागल्या : सकाळच्या बैठकीला अर्ध्या, संध्याकाळी अर्ध्या, आणि भाकरीच्या जागी भात-वरण वाढवलं. पुरुषांनी भांडी घासायची असं ठरलं. घासली, पण मोजून दोनदा. हा भाग आखणीत असता तर पहिला दिवस वाया गेला नसता.

जेवणावरून आठवलं. नागलीची भाकर पानात पडली आणि केनियाच्या एका पाळकांनी ती हातात घेऊन वास घेतला. "हे तर आमचं विंबी." नागलीचं मूळ पूर्व आफ्रिकेतलं, हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली. हे गुरुजींनी सांगितल्यावर आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचा विश्वास बसेना. मग एका आजीने त्यांना विचारलं की तुमच्याकडे ठेचा असतो का. तिथून पुढे दुभाष्याची गरज फारशी उरली नाही.

निवेदन की वही

शेवटच्या दिवशी पाहुण्यांपैकी काहींनी निवेदनाचा मसुदा आणला. ते स्वाभाविक होतं. स्वित्झर्लंडमध्ये 1974 साली झालेल्या लोझान मिशन परिषदेचा करार आजही अभ्यासला जातो. मोठ्या परिषदा मागे कागद ठेवून जातात. मसुदा चांगला होता, दोन पानी. मावची गटाने तो ऐकून घेतला आणि विचारलं, दिवाळीनंतर फडावर रविवारी कोण येणार?

यावर दोन तास गेले. घंटेच्या मुलीलाही कोणाला थांबवता येईना. अखेर ठरलं ते असं : प्रत्येक मंडळीने आपल्या टोळ्या कोणत्या कारखान्याकडे, कोणत्या गावाजवळ उतरल्या ते एका वहीत लिहायचं. सीमेपलीकडे व्यारा-सोनगडकडच्या मंडळ्यांतली माणसं परिषदेला आली होती. त्यांची गामीत बोली आणि इकडची मावची बोलणाऱ्यांना एकमेकांचं कळतं. त्यांनी रविवारी टोळ्यांच्या पडावांवर, म्हणजे मुक्कामाच्या तळांवर, जायचं, मुलांच्या हजेरीचं बघायचं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं. इकडून महिन्याला दोघं जातील. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. सगळ्या पाहुण्यांनी तिथल्या बाकावर बसून फोटो काढले. पण नंतर त्या फलाटावरून पलीकडे जाणारे आमचे हे दोघंच.

निवेदनही झालं, दीड पानांचं. कोणी वाचतं का, कल्पना नाही.

समितीत अजून एक मतभेद शिल्लक आहे तो लिहायला हवा. काही जणांच्या मते ही परिषद आंतरराष्ट्रीय उरलीच नाही. 23 पाहुणे आणि दीडशे गावकरी म्हणजे जिल्हा मेळावा. नामवंत वक्ते आले असते तर तरुणांना बाहेरचं जग दिसलं असतं. यात तथ्य आहे. तरुण पोरं दोन संध्याकाळी मागे बसून रील बनवत होती, आणि त्यांच्यासाठी आम्ही वेगळं काही आखलं नव्हतं. सी फॉर्म भरणाऱ्या तिघांना चारही दिवस बैठकीत एकदाही बोलायला मिळालं नाही. ही माझी चूक.

आणि पंचांच्या प्रश्नाचं उत्तर परिषदेत दिलं गेलं नाही. जागेचा दावा तारखेवर आहे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी आमचे दोघं पहिल्यांदा बारडोलीच्या बाजूला गेले. वहीत लिहिलेल्या पडावावर पोचले तर तिथे रिकामी चिपाडं आणि विझलेल्या चुली. टोळी दोन दिवसांपूर्वी पुढच्या फडावर हलली होती. दोघांनी मला तिथूनच फोन केला. मी वही काढली, त्या ओळीवर काट मारली आणि खजिनदारांना मुकादमाचा नंबर विचारला. आता प्रत्येक नावापुढे गावाऐवजी मुकादमाचा फोन लिहितो.